खासगी भागीदारीतले रस्ते-पूल: पैसा कुणाचा आणि जोखीम कुणाची?

हिशेबनीस | शनिवार, रात्री ९.४०

"सरकारकडे पैसा नाही, म्हणून खासगी भागीदार घेतलाय." हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलंय की हल्ली ते कानावर आलं की वहीच्या कोपऱ्यात नुसती एक उभी रेघ मारतो. एका बैठकीत अकरा झाल्या होत्या. आधी कर्ज देणाऱ्या बँकांच्या बाजूने आणि नंतर सरकारी बाजूने असे करार वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून ते जास्त खुपतं. आज सविस्तर लिहितो.

रस्ता, पूल, पाणीयोजना, शाळा, काहीही घ्या. त्याचे पैसे शेवटी दोघांपैकीच कुणीतरी देतं. एक तर वापरणारा देतो (टोल, पाणीपट्टी, पार्किंग), नाहीतर करदाता देतो. खासगी कंपनी आज खर्च करते आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं या दोघांकडून तो वसूल करते, व्याज आणि नफ्यासकट. सरकारला कर्ज सहसा कंपनीपेक्षा स्वस्त मिळतं. म्हणजे निव्वळ पैशापुरतं पाहिलं तर पीपीपी (सरकार-खासगी भागीदारी) हा महाग पैसा आहे. हे मान्य करून मगच पुढे बोललं पाहिजे, पण बैठकांत नेमकं हेच कुणी बोलत नाही.

मग करायचं कशाला? कारणं दोन, एक रास्त आणि एक चोरटं.

रास्त कारण असं की जो बांधतो त्याच्याच गळ्यात पुढची देखभाल बांधली तर तो बांधताना हात आखडत नाही. खर्च वाढला, काम रखडलं, तर भुर्दंड त्याचा. थोडक्यात, आपण जास्तीचं व्याज मोजतो ते जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्यासाठी. विम्याचा हप्ताच म्हणा.

चोरटं कारण ताळेबंदाचं. सरकारने कर्ज काढलं की ते कर्जाच्या रकान्यात दिसतं. कंपनीने काढलं आणि सरकारने तीस वर्षं हप्ते द्यायचं कबूल केलं, तर ते बरेचदा दिसत नाही. युरोपात तर २००४ मध्ये युरोस्टॅटने (युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने) नियमच घालून दिला: बांधकामाची जोखीम आणि शिवाय उपलब्धतेची (मालमत्ता वापरण्याजोगी ठेवण्याची) किंवा मागणीची (वापरणारे पुरेसे येण्याची) यांपैकी एक जोखीम खासगी भागीदाराकडे असली, की मालमत्ता सरकारच्या ताळेबंदाबाहेर ठेवता येते. झालं, कितीतरी करार या चौकटीत बसतील असेच शिवले जाऊ लागले.

ब्रिटनचं उदाहरण सगळ्यांत मोठं. तिथे १९९२ मध्ये पीएफआय (प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह) नावाने हे सुरू झालं. हुजूर पक्षाने आणलं, मजूर पक्षाने वाढवलं. २०१८ च्या जानेवारीत तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला: ७०० हून अधिक चालू करार, बांधकामाचं मूल्य सुमारे ६० अब्ज पौंड, आणि २०४० च्या दशकापर्यंत द्यायचे हप्ते १९९ अब्ज पौंड. हे दोन आकडे शेजारी ठेवून "साठचे दोनशे केले" अशी बोंब मारणं मात्र चूक आहे, कारण १९९ मध्ये देखभाल आणि इतर सेवांचेही पैसे आहेत आणि ते कित्येक वर्षांवर पसरलेत. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने नवे करार बंद करून टाकले, यातून काय ते समजा.

आता माझं आवडतं उदाहरण. कॅनडाचं प्रिन्स एडवर्ड आयलंड हे बेट १८७३ मध्ये संघराज्यात आलं ते एका अटीवर: मुख्य भूमीशी बोटसेवा कायम चालू ठेवायची. ती फेरी चालवायला केंद्र सरकार वर्षानुवर्षं पैसे ओतत होतं. पुढे १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल बांधायचं ठरलं, तेव्हा हिशेब साधा ठेवला. फेरीवर जेवढा खर्च होतो साधारण तेवढीच रक्कम (१९९२ च्या किमतीत वर्षाला ४.१९ कोटी कॅनेडियन डॉलर) ३५ वर्षं पुलाच्या कर्जफेडीसाठी द्यायची आणि टोल कंपनीने घ्यायचा. बांधकाम महागलं तर कंपनीचं नशीब. पूल १९९७ मध्ये सुरू झाला. करदात्याच्या खिशातून जे जातच होतं त्यातूनच पूल उभा राहिला, आणि बर्फात अडकणाऱ्या बेटाच्या बाजारपेठेला बारमाही वाट मिळाली.

तुमच्या वाचनातली, अनुभवातली उदाहरणं टाका. फक्त "खासगी म्हणजे लुटारू" आणि "सरकारी म्हणजे ढिसाळ" या दोन घासलेल्या कॅसेटी नकोत.

मी_वाचतेय | शनिवार, रात्री १०.०५

छान धागा. विम्याच्या हप्त्याची उपमा पटली. पण विमा कंपनी बुडाली तर काय, हा प्रश्न लगेच डोक्यात आला. पुलेशु.

शंकासुर | शनिवार, रात्री १०.३१

कॅसेट नको म्हणालात म्हणून थेट उदाहरण देतो. शिकागो, डिसेंबर २००८. शहराचे सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला. किंमत साधारण १.१५ अब्ज डॉलर. नगर परिषदेला विचार करायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळाले आणि ठराव ४० विरुद्ध ५ असा मंजूर. पुढच्या जूनमध्ये शहराच्याच महानिरीक्षकाने अहवाल दिला की शहराला सुमारे ९७.४ कोटी डॉलर कमी मिळाले.

आणि खरी गंमत पुढे. मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्ता बंद ठेवला आणि मीटरची कमाई बुडाली, की करारात ठरलेल्या हिशेबाने शहराने कंपनीला भरपाई द्यायची! सायकलमार्ग काढायचा म्हटलं तरी आधी मीटर मोजा. म्हणजे पैसा तर गेलाच, शिवाय ७५ वर्षं स्वतःच्या रस्त्याचं काय करायचं हे ठरवायचा हक्कही गेला.

हिशेबनीस, यात कंपनीने कुठली जोखीम उचलली तेवढं सांगा.

हिशेबनीस | शनिवार, रात्री ११.१२

@शंकासुर, जवळपास काहीच नाही. पण मुळात त्यात नवं काही बांधलंच गेलं नाही. ते पुढच्या पिढ्यांची कमाई आज घाऊक भावात विकणं होतं, आणि आलेला पैसा बराचसा अंदाजपत्रकातली भोकं बुजवण्यात गेला.

त्याच जातीचा दुसरा व्यवहार शेजारच्या इंडियाना राज्यात २००६ मध्ये झाला. टोलरस्ता ७५ वर्षांसाठी भाड्याने, ३.८ अब्ज डॉलर रोख. तो पैसा राज्यभरच्या रस्ते-पुलांच्या कार्यक्रमात घातला गेला. पुढे मंदी आली, वाहतूक अंदाजाइतकी आली नाही, आणि २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. राज्याला पैसे परत करावे लागले नाहीत. रस्ता चालूच राहिला, फक्त चालवणारा बदलला. @मी_वाचतेय, विमा कंपनी बुडते तेव्हा कधीकधी असंही होतं.

म्हणून व्यवहाराच्या नावावरून मत बनवू नका. आलेल्या पैशातून तितकंच टिकाऊ काही उभं राहिलं का, ते पाहा.

गणिताची आवड | रविवार, सकाळी ७.५०

"वाहतूक अंदाजाइतकी आली नाही" हे वाक्य तुम्ही असं घाईने ओलांडून गेलात जणू तो अपघात होता. अहो, तोच नियम आहे!

रॉबर्ट बेन यांनी एका पतमानांकन संस्थेसाठी जगभरचे शंभरेक टोल प्रकल्प तपासले. प्रत्यक्ष वाहतूक सरासरीने अंदाजाच्या ७७ टक्के निघाली. फ्लिव्हबर्ग हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतले २१० प्रकल्प घेतले. त्यात रेल्वे प्रकल्पांतले प्रवाशांचे अंदाज सरासरीने प्रत्यक्षाच्या दुपटीहून जास्त होते. चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या असत्या तर ज्ञान अपुरं म्हणता आलं असतं. एकाच बाजूला पडतात, म्हणजे वजनकाट्याखाली कुणाचं तरी बोट आहे.

बोट कुणाचं? निविदेची रचनाच तशी असते. समजा पाच कंपन्या आल्या. ज्याला वाटतं सर्वांत जास्त गाड्या येतील, तो सर्वांत कमी टोल मागतो किंवा सरकारला सर्वांत जास्त रक्कम देऊ करतो. काम त्यालाच मिळतं. म्हणजे ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलाय, नेमकी त्याचीच निवड करणारं यंत्र आपण बांधून ठेवलंय. आणि त्याला हेही ठाऊक असतं की एकदा खोदकाम सुरू झालं की सरकारला माघार घेता येत नाही. मग तो दोन वर्षांनी येतो आणि म्हणतो, "साहेब, परवडत नाही."

हे मी मनचं सांगत नाही. जागतिक बँकेच्या ग्वाश यांनी लॅटिन अमेरिकेतले १९८५ ते २००० या काळातले हजारावर करार तपासले. एकूण ३० टक्के करारांत पुन्हा वाटाघाटी झाल्या. वाहतूक क्षेत्रात निम्म्याहून जास्त, पाणीपुरवठ्यात जवळपास तीन चतुर्थांश. आणि सही झाल्यापासून सरासरी किती काळाने? २.२ वर्षं. तीस वर्षांच्या संसारात दुसऱ्याच वर्षी भांडण.

सिडनीचा क्रॉस सिटी बोगदा तर शाळेत शिकवावा असा. ऑगस्ट २००५ ला उघडला. रोज ९० हजाराच्या आसपास गाड्या येतील असा अंदाज, आल्या त्याच्या साधारण एक तृतीयांश. गाड्या बोगद्याकडे वळाव्यात म्हणून वरचे रस्ते अरुंद केले होते. लोक इतके भडकले की ते बदल मागे घ्यावे लागले. डिसेंबर २००६ मध्ये कंपनी धनकोंच्या ताब्यात.

शंकासुर | रविवार, सकाळी ९.२०

गणित साहेब, दंडवत. "वजनकाट्याखाली बोट" वापरणार, हक्क राखीव असतील तर आत्ताच सांगा.

आता माद्रिदही मांडून टाका. शहराभोवतीचे नवे टोलरस्ते, २००३-०४ मध्ये सुरू. शेजारून फुकटचे महामार्ग जात होतेच, टोल भरायला येणार कोण? कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि २०१८ मध्ये रस्ते सरकारने ताब्यात घेतले. कारण तिथल्या कायद्यात कलमच होतं की सवलत (रस्ता चालवून टोल घेण्याचा करार) संपुष्टात आली तर बांधकामात घातलेल्या पैशाची भरपाई राज्याने करायची. चीत झालो तरी नाक वर!

अनुस्वार | रविवार, सकाळी ११.०२

शेजारच्या फुकट रस्त्यावरून आठवलं. कॅलिफोर्नियात स्टेट रूट ९१ च्या मधोमध डिसेंबर १९९५ मध्ये खासगी टोल मार्गिका सुरू झाल्या. करारात अट होती की राज्याने स्पर्धा होईल असं काही शेजारी करायचं नाही. वाहतूक वाढली, बाजूच्या फुकट मार्गिका तुंबल्या, राज्याने रुंदीकरण काढलं, कंपनी म्हणाली करारभंग. लोकांनी कोंडीत बसून वाट पाहायची, कारण कोंडी हाच कंपनीचा माल! शेवटी ऑरेंज काउंटीच्या वाहतूक संस्थेने जानेवारी २००३ मध्ये त्या मार्गिका २०.७५ कोटी डॉलरना विकत घेतल्या, तेव्हा कुठे गाठ सुटली.

माझं एवढंच म्हणणं की टोल किती हे सगळे विचारतात. या करारामुळे आपल्याला काय करता येणार नाही, हे कुणी विचारत नाही.

खडी-डांबर | रविवार, दुपारी १.१५

साइटवरचा माणूस आहे, आकड्यांचं तुम्ही बघा. हिशेबनीसांच्या एका वाक्याला हरकत: "जो बांधतो त्यालाच देखभाल करायची असली की तो बांधताना हात आखडत नाही." कागदावर शंभर टक्के खरं. जमिनीवर बांधणारा वेगळा, देखभाल करणारा वेगळा आणि मालक तिसराच. सगळे एकाच नावाच्या पाटीखाली असतात एवढंच. बांधणारी कंपनी आपला वाटा घेऊन बाहेर पडते, आणि नंतर भागभांडवल विकत घेणाऱ्या फंडाने काँक्रीट ओलं असताना पाहिलेलंच नसतं.

एडिंबराचं उदाहरण बांधकामवाल्यांनी तोंडपाठ करावं. जानेवारी २०१६ मध्ये वादळात ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची भिंत कोसळली, सुमारे ९ टन विटा. वर्ग भरलेले नव्हते म्हणून निभावलं. मग तशाच कराराखाली बांधलेल्या बाकीच्या शाळा तपासल्या आणि एप्रिलमध्ये १७ शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दोष काय? दुहेरी भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना धरून ठेवणाऱ्या तारा (वॉल टाय) विटांच्या सांध्यात पुरेशा खोल बसवल्याच नव्हत्या. भिंत पूर्ण झाली की हे कुणाला दिसत नाही. काम चालू असताना रोज डोकावणारा माणूस हवा. पूर्वी पालिका असा देखरेख करणारा स्वतःच्या पगारावर ठेवायची. खासगी भागीदारी आली तेव्हा म्हटलं गेलं, जोखीम त्यांचीच आहे, ते बघतील. पुढच्या वर्षी जॉन कोल यांचा चौकशी अहवाल आला, त्यात भागीदारीच्या पैशाला दोष नव्हता, पण स्वतंत्र तपासणी कमी पडली हे स्पष्ट म्हटलं होतं.

माझा स्वतःचा अनुभव, नाव-गाव नाही सांगत. एका रस्त्याच्या कामावर तपासणीसाठी "स्वतंत्र अभियंता" नेमलेला होता. त्याला बसायला खोली, फिरायला गाडी आणि संगणक, सगळं कंपनीचं. माणूस वाईट नव्हता. पण खोदलेल्या थराची घनता तपासायला जायचं तर आधी कंपनीकडेच गाडी मागायची, आणि गाडी यायची दुपारी, थर झाकून झाल्यावर.

मी_वाचतेय | रविवार, दुपारी १.४०

शेवटचा परिच्छेद वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

शंकासुर | रविवार, दुपारी ३.०५

आता माझ्या भात्यातलं शेवटचं. दिल्ली-नोएडा उड्डाणमार्ग. २००१ ला सुरू झाला, सवलत ३० वर्षांची. करारात एकूण प्रकल्प खर्चावर वर्षाला २० टक्के परताव्याची हमी. ज्या वर्षी तेवढा परतावा मिळणार नाही त्या वर्षीची तूट प्रकल्पाच्या खर्चात मिळवायची आणि पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या खर्चावर पुन्हा २० टक्के. चक्रवाढीचं गणित सातवीत शिकवतात. असा खर्च कधी फिटणारच नाही, टोल अनंतकाळ चालू राहणार. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये टोल बंद केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल कायम ठेवला.

आता सांगा, विम्याचा हप्ता आपण भरला आणि विमा कुणाचा उतरवला गेला?

हिशेबनीस | रविवार, संध्याकाळी ६.३०

@शंकासुर, कंपनीचा. ते कलम वाईटच होतं, त्याची बाजू मी घेणार नाही.

पण गणित यांनी मांडलेल्या मूळ रोगावर औषध आहे, आणि ते या धाग्यात अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. चिलीत एंजेल, फिशर आणि गॅलेटोविच या तीन अर्थशास्त्रज्ञांनी विचार केला: रस्त्यावर किती गाड्या येणार हे कंपनीच्या हातात नाही. ती जोखीम तिच्या गळ्यात मारली तर ती जास्त परतावा मागते, किंवा खोटं बोलून काम घेते आणि नंतर रडते. मग निविदेत वर्षं का मागायची? रक्कम मागा. "आजच्या मोलात मला एकूण इतके मिळाले की मी रस्ता सोडीन." सर्वांत कमी रक्कम सांगेल त्याला काम. गाड्या भरपूर आल्या तर करार बारा वर्षांत संपेल, कमी आल्या तर पंचवीस लागतील. कंपनीला दिवाळखोरीची भीती कमी, म्हणून बँकही कमी व्याज लावते. सरकारला रस्ता लवकर परत हवा असेल तर किती द्यायचे तेही आपोआप ठरलेलं: सांगितलेली रक्कम वजा आतापर्यंतची वसुली. वादच नाही. १९९८ मध्ये सँतियागो ते व्हाल्पारायसो-व्हिन्या देल मार हा महामार्ग याच पद्धतीने दिला गेला.

ब्रिटनमध्येही याच्या जवळ जाणारी उदाहरणं आहेत. सेव्हर्न नदीवरच्या दुसऱ्या पुलाचा करार ठरलेली वसुली होईपर्यंतच होता. ती झाली, जानेवारी २०१८ मध्ये पूल सरकारकडे आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात टोल बंद झाला. डार्टफर्डचा पूल तर मुदतीच्या आधीच फिटला. २००३ मध्ये कंपनीचा करार संपला, पण वसुली चालूच राहिली, फक्त टोलऐवजी गर्दी आवरण्याचं शुल्क म्हणून. म्हणजे मधाचं बोट एकदा चाटलं की सरकारलाही सोडवत नाही. हा टोला शंकासुरांनी हाणायच्या आत मीच हाणून घेतो.

खडी-डांबर, तुमची हरकत मान्य. ती माझ्या मूळ लेखातली खरी फट आहे.

नदीकाठ | रविवार, रात्री ९.१०

सगळं वाचलं. पण राग मानू नका, तुम्ही सगळे अब्जांत बोलताय. बोगदे, महामार्ग, बेटाचा पूल. छोट्या पालिकेचं काय? तिला पाहिजे असतो ओढ्यावरचा पंधरा मीटरचा पूल, पथदिवे, सांडपाण्याची योजना. तेवढ्यासाठी कुठली कंपनी आणि कुठली बँक वकिलांची फौज घेऊन येणार? कराराचा मसुदा करायचा खर्चच पुलाएवढा व्हायचा.

हिशेबनीस | रविवार, रात्री १०.५५

@नदीकाठ, हा प्रश्न मला शीर्षकात घालायला हवा होता. प्रादेशिक विकासाच्या गप्पा महामार्गावर सुरू होतात आणि माल मात्र अडतो ओढ्यावरच्या पुलाशी, जिथे भरलेला ट्रक न्यायला बंदीची पाटी असते.

एक वाट म्हणजे मोट बांधणे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१५ मध्ये ५५८ लहान, मोडकळीला आलेल्या पुलांचं एकच कंत्राट दिलं. एकच कंपनी, पुलांचे आराखडे बरेचसे सारखे, तुळयांसारखे भाग कारखान्यात एकाच मापाने ओतलेले. कंत्राट सुमारे ८९.९ कोटी डॉलरचं, आणि बांधून झाल्यावर २५ वर्षं देखभाल त्याच कंपनीकडे. टोल नाही. पूल वापरण्याजोगे ठेवले तर राज्य ठरलेली रक्कम देतं, नाही ठेवले तर कापतं.

त्याच्याही आधी मिसुरी राज्याने हेच योजलं होतं, ८०२ पूल. तिथेही कंपनीनेच पैसा आणायचा, बांधायचे आणि सांभाळायचे. पण २००८ चं आर्थिक संकट आलं, खासगी पैसा भलताच महागला. राज्याने काय केलं? मोट तशीच ठेवली आणि फक्त खासगी पैसा वगळला. स्वतः रोखे काढले आणि ५५४ पुलांचं आरेखन आणि बांधकाम एकाच कंत्राटात दिलं, उरलेले नेहमीच्या पद्धतीने. २०१२ पर्यंत सगळे ८०२ पूर्ण.

ही दोन उदाहरणं मी प्रशिक्षणात नेहमी शेजारी ठेवतो, कारण त्यांनी माझं स्वतःचं मत बदललं. पीपीपीच्या खात्यावर आपण जो फायदा मांडतो त्यातला बराचसा मोट बांधण्याचा, सारख्या आराखड्यांचा आणि एकाच माणसावर जबाबदारी टाकण्याचा असतो. खासगी पैसा न घेताही तो मिळतो. खासगी पैशाने वर जे मिळतं ते म्हणजे पुढची २५ वर्षं पुलाकडे लक्ष देण्याची सक्ती. सार्वजनिक अंदाजपत्रकात पहिली कात्री देखभालीवर चालते. करार असेल तर ती चालवता येत नाही. ज्या राज्याला स्वतःच्या शिस्तीचा भरवसा आहे त्याने मिसुरी करावं, ज्याला नाही त्याने पेनसिल्व्हेनिया, आणि त्या शिस्तीची किंमत मोजावी.

दुसरी वाट म्हणजे पैशाचीच मोट. तमिळनाडूत १९९६ मध्ये राज्य सरकार आणि वित्तसंस्था यांनी मिळून नागरी विकास निधी उभा केला. पुढे २००२ मध्ये अनेक लहान पालिकांचं कर्ज एकत्र करून रोखे काढले गेले. एकटीच्या नावावर बाजारात उभं राहणं ज्यांना जमलं नसतं त्या पालिका त्यात होत्या. अलंदूर या लहान शहराच्या भुयारी गटारासाठी तर लोकांनी आधी अनामत भरली, वाहिन्या त्यातून आणि कर्जातून, आणि मलशुद्धीकरण केंद्र खासगी भागीदाराने बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर उभारलं. घरोघर आधी पैसे गोळा झाल्यामुळे सावकाराला खात्री पटली की मागणी कागदी नाही. गणित यांच्या वाहतूक-अंदाजापेक्षा हा पुरावा मला कितीतरी भक्कम वाटतो.

तळटीप | सोमवार, सकाळी ८.३०

उशिरा येतोय. "बाजारपेठेला बारमाही वाट मिळाली" यावर थोडं. वाट दोन्हीकडून चालते. नवा वेगवान रस्ता झाला की लहान गावातला दुकानदार खूश होतो आणि दोन वर्षांनी त्याचं गिऱ्हाईक त्याच रस्त्याने मोठ्या शहरात जायला लागतं. जपानमध्ये याला स्ट्रॉ इफेक्ट म्हणतात: नळी घातली की मोठा पेला लहान पेल्यातलं शोषून घेतो. तेव्हा "रस्ता म्हणजे विकास" हे समीकरण करारात कुणी लिहून देत नाही. आकडा असतो तो गाड्यांचा.

आणि विकास झालाच, तर त्याची मलई कुणाला? स्थानकाजवळ ज्याची जमीन त्याला. हाँगकाँगने हे ओळखलं. मेट्रो कंपनीला स्थानकाभोवतीच्या जमिनीचे विकासहक्क दिले, तेही रेल्वे नसती तर जमिनीचं जे मोल झालं असतं त्या दराने. रेल्वे आल्यावर वाढलेल्या मोलातून रेल्वेचाच खर्च भागला. वापरणारा आणि करदाता यांच्यापलीकडे तिसरा देणारा नाही, असं धागाकर्ते म्हणतात. आहे की! वाढलेल्या भावाचा मालक.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ९.१५

तळटीप, मान्य. "दोघांपैकीच कुणीतरी" हे माझं वाक्य लंगडं होतं. फक्त तिथे जमीन सरकारच्या मालकीची होती म्हणून ते एवढं सुटसुटीत झालं. जमिनीचे हजार मालक असतील तर त्यांच्याकडून ती वाढ वसूल करणं म्हणजे टोलपेक्षा मोठं आंदोलन.

नदीकाठ | सोमवार, दुपारी १२.२०

आता खरं सांगतो. माझ्या टेबलावर असाच एक मसुदा पडलाय, पथदिव्यांचा. कंपनी जुने दिवे काढून एलईडी बसवणार आणि विजेच्या बचतीतून दहा वर्षं आपला वाटा घेणार. "पालिकेला एक पैसाही खर्च नाही" असं पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे. दोनशे पानं आहेत. कुठून सुरुवात करू?

हिशेबनीस | सोमवार, दुपारी १२.५८

पहिलं पान सोडा. आधी "मूळ वापर" कसा काढलाय ते पाहा. जुन्या दिव्यांपैकी बरेच बंदच असतील. बिल प्रत्यक्षात जळणाऱ्या दिव्यांचं येतं, पण बचत मोजताना सगळे दिवे रात्रभर जळत होते असं धरलेलं असतं. मग न जळलेल्या विजेची बचत दाखवून तिच्यातला वाटा दहा वर्षं द्यावा लागतो. गेल्या तीन वर्षांची बिलं काढून स्वतः बेरीज करा.

त्यानंतर शेवटाकडून वाचा. करार मध्येच तुटला तर कुणी कुणाला किती द्यायचं, हे कलम. भारतातल्या महामार्गांच्या आदर्श करारात कंपनीच्या चुकीने करार तुटला तरी थकीत कर्जाचा ९० टक्के भाग सरकार देतं, विम्याचे पैसे वजा करून. सरकारच्या चुकीने तुटला तर पूर्ण कर्ज आणि वर भागभांडवलाच्या दीडपट. माद्रिदची गोष्ट इथेच लपलेली असते. जोखीम कुणाची हे त्या पानावर कळतं, प्रस्तावनेत नाही.

तिसरं, दहा वर्षांनी दिवे परत मिळतील ते कोणत्या अवस्थेत. "चालू स्थितीत" एवढंच लिहिलं असेल तर आदल्या दिवशी पेटणारा आणि दुसऱ्या दिवशी विझणारा दिवाही चालतो.

खडी-डांबर | सोमवार, दुपारी १.१०

चौथं: दिवे तपासायला जाणाऱ्या माणसाची गाडी कोण देणार, तेही लिहून घ्या.

नदीकाठ | सोमवार, संध्याकाळी ५.४५

बिलं मागवली आहेत. करार तुटण्याचं कलम सापडलं, पान १६२. त्यात एवढंच आहे: "देय रक्कम परिशिष्ट सातप्रमाणे." परिशिष्टं सहाच आहेत.